वाचकांचे प्रश्न : फुटबॉलच्या सामन्यासाठी कॅमेरा आणि लेन्स

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे फुटबॉलच्या छायाचित्रणाविषयी आहेत. शालेय स्पर्धांचे दिवस आहेत, त्यातच इंदूरमध्ये जागोजागी जाळीबंद टर्फ (कृत्रिम गवताची छोटी मैदाने) उभे राहिले आहेत, तेव्हा त्यात नवल नाही. नवल याचे वाटले, की बहुतेक सर्व पत्रांत ‘कोणता कॅमेरा घेऊ?’ असे विचारले आहे. पण आपण मैदानावर कोठे बसता आणि सामना किती वाजता असतो, या दोन्ही गोष्टी केवळ एकाच वाचकाने कळवल्या आहेत. माझ्या मते निवडीचा सगळा उलगडा त्या दोन गोष्टींतच आहे, म्हणून पहिला मान त्या पत्राला देतो. लग्नसमारंभ आणि पक्षी यांविषयीचे प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या संघातून खेळते. सामने चिमणबागेच्या मैदानावर दुपारी चारला सुरू होतात आणि मी गोलच्या एका बाजूला, रेषेमागे बसतो. माझ्याकडे कॅनन २०० डी, त्यासोबत आलेली १८-५५ आणि नंतर घेतलेली ५५-२५० अशा दोन लेन्स आहेत. छायाचित्रे नेहमी हललेली येतात. दुकानदार ७०-२०० एफ २.८ घ्या असे सांगतो. तेवढा खर्च करावा का? — एक पालक, तिलकनगर

उत्तर : आपण तूर्त काहीही विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानदाराने सुचवलेली लेन्स उत्तम आहे, यात वाद नाही; एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून अधिक प्रकाश आत येतो. परंतु आपण पाठवलेल्या तीन छायाचित्रांच्या नोंदी पाहिल्यावर दोष लेन्सचा नसून शटर स्पीडचा, म्हणजे शटर किती वेळ उघडे राहते त्याचा आहे, हे दिसून येते. कॅमेरा पूर्ण स्वयंचलित पद्धतीवर होता आणि त्याने १/२०० ते १/२५० सेकंद असा वेग निवडला होता. जोरात मारलेला चेंडू सेकंदाला २० मीटर जातो असे धरले, तर १/२५० सेकंदात तो ८ सेंटिमीटर सरकतो. पाच नंबरच्या चेंडूचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर असतो. म्हणजे शटर उघडे असेपर्यंत चेंडू आपल्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक पुढे गेलेला असतो आणि चित्रात त्याची शेपटी उमटते. हाच वेग १/१००० सेकंद ठेवला, तर सरकणे २ सेंटिमीटरवर येते आणि डोळ्यांना ते सहसा जाणवत नाही. लेन्समध्ये स्थिरीकरणाची सोय आहे, तरीही असे का होते, असे आपण विचारले आहे. ती सोय आपला हात हलल्याचा परिणाम कमी करते. धावणाऱ्या मुलीला ती थांबवू शकत नाही.

तेव्हा १८-५५ घरी ठेवावी, ५५-२५० लावावी आणि डायल टीव्ही (शटरचा वेग आपण ठरवण्याची पद्धत) या खुणेवर आणून वेग १/१००० सेकंद ठरवावा. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता दाखवणारा आकडा, स्वयंचलित ठेवावा आणि त्याची कमाल मर्यादा ३२०० करावी. फोकस एआय सर्वो या पद्धतीवर असावा, म्हणजे बटण अर्धे दाबलेले असेपर्यंत कॅमेरा धावत्या खेळाडूचे बदलते अंतर मोजत राहतो. या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोकसचे ९ बिंदू आहेत. त्यांतला मधलाच वापरावा आणि तो मुलीच्या छातीवर धरावा. स्वच्छ उन्हात आयएसओ ४०० आणि एफ ५.६ या मापांवर १/३००० सेकंदाच्या आसपास वेग मिळतो, त्यामुळे पूर्वार्धात उजेडाची काळजीच नाही. लेन्सच्या लांबीचे, म्हणजे दूरचे किती जवळ दिसते याचे म्हणाल, तर आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे २५० मिलिमीटरचे टोक फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या ४०० मिलिमीटरइतके दृश्य दाखवते. आपल्या बसण्याच्या जागेपासून पेनल्टी क्षेत्र सगळे त्याच्या आवाक्यात येते.

अडचण येईल ती उत्तरार्धात. डिसेंबरमध्ये आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पाच वाजल्यापासूनच उजेड झपाट्याने उतरू लागतो. तेव्हा एफ ५.६ वर आयएसओ ३२०० देखील अपुरा पडेल आणि दुकानदाराचे म्हणणे खरे वाटू लागेल. त्या अर्ध्या तासासाठी मोठी रक्कम गुंतवण्यापूर्वी एक उपाय करून पाहावा. ७०-२०० एफ २.८ ही लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे हमखास असणारी लेन्स आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने नसतात आणि त्या लेन्स कपाटात पडून असतात. शालेय फुटबॉलचे बरेचसे सामने नेमके याच महिन्यांत होतात. ओळखीच्या छायाचित्रकाराकडून दोन सामन्यांपुरती ती भाड्याने घ्यावी, आपल्या कॅमेऱ्यावर लावून पाहावी आणि मग निर्णय करावा. दीड किलोचे वजन तासभर हातात धरवते का, हेही त्यात कळून येईल. आणखी एक गोष्ट प्रश्नाबाहेरची, पण लिहितो. छायाचित्रांत इतरांच्याही मुली असतील, त्यांची चित्रे कोठेही टाकण्यापूर्वी त्यांच्या पालकांना विचारावे.

प्रश्न : निकॉन डी ७५०० साठी जुनी ७०-२०० एफ २.८ आणि नवी १५०-६०० एफ ५-६.३ या दोन्ही लेन्स साधारण एकाच किमतीत मिळत आहेत. मैदान मोठे असल्याने ६०० मिलिमीटर बरी, असे मित्र म्हणतात. आपण काय सुचवाल? — एक वाचक, महू

उत्तर : मित्रांनी मैदान मोजलेले नसावे, असे वाटते. आपण ते कागदावर मोजू. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी रूढ असलेले मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. पेनल्टी क्षेत्र गोलरेषेपासून १६.५ मीटर आत येते, त्याची रुंदी ४०.३२ मीटर असते आणि पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर असतो. आता पेनल्टी क्षेत्राची बाजूची रेषा गोलरेषेला जेथे मिळते, त्याच्या चार मीटर मागे आपण बसलो आहोत असे समजा. तेथून पेनल्टीचा ठिपका २५ मीटर, जवळचा गोलखांब सुमारे १७ मीटर आणि मैदानाचा मध्यबिंदू ६० मीटर दूर पडतो.

दुसरे मोजमाप लेन्सचे. १.८ मीटर उंचीचा खेळाडू आडव्या चौकटीत डोक्यापासून बुटापर्यंत पूर्ण भरावा, यासाठी फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटर लेन्सने तो १५ मीटरवर असावा लागतो, ४०० मिलिमीटरने ३० मीटरवर आणि ६०० मिलिमीटरने ४५ मीटरवर. आपला डी ७५०० क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा असल्यामुळे ही अंतरे दीडपट होतात, म्हणजे २०० मिलिमीटरला साडेबावीस मीटर. खेळाडू चौकटीच्या निम्म्या उंचीचा आला तरी कडा कापून चांगले चित्र मिळते. त्या हिशेबाने २०० मिलिमीटर आपल्याला ४५ मीटरपर्यंत पुरते. पेनल्टी क्षेत्र पूर्ण, त्यापुढचा बराच भाग आणि आपल्या बाजूचा कोपरा एवढे सगळे त्यात येते. गोल होतात, गोल वाचवले जातात आणि चेंडूसाठी उड्या घेतल्या जातात त्या येथेच.

याउलट १५०-६०० चे आखूड टोक पाहावे. आपल्या कॅमेऱ्यावर १५० मिलिमीटरने १७ मीटरवरचा खेळाडू चौकट भरून टाकतो. त्याहून जवळ आला की डोके किंवा पाय कापले जाणार. गोल झाल्यावर खेळाडू धावत सुटतात ते बहुतेक वेळा कोपऱ्याकडेच, म्हणजे नेमके आपल्या अंगावर. हा क्षण सामन्यात एकदाच येतो आणि तो ६०० मिलिमीटरवाल्याच्या हातून निसटतो. समोरच्या गोलपाशी चाललेला खेळ त्याला दिसतो हे खरे. पण शंभर मीटरवरून, दुपारच्या तापलेल्या हवेच्या थरथरत्या थरातून काढलेले ते चित्र कितीही महाग लेन्स असली तरी मऊ, म्हणजे अस्पष्टच येते. त्या गोलचा मोह सोडावा आणि मध्यंतरानंतर जागा बदलावी, हा उपाय फुकट आहे.

उजेडाचा हिशेब याहून कठोर आहे. एफ ६.३ च्या तुलनेत एफ २.८ वर पाचपट प्रकाश आत येतो. ज्या संधिप्रकाशात आपण एफ २.८ वर आयएसओ ३२०० ने काम चालवाल, तेथे एफ ६.३ वर १६००० लागेल आणि डी ७५०० सारख्या कॅमेऱ्यावर चेहऱ्यांवर दाणे उमटतील. शिवाय पार्श्वभूमीचा प्रश्न आहे. आपल्याकडच्या मैदानांभोवती उभ्या दुचाक्या, तंबूच्या दोऱ्या, कोणा नेत्याच्या वाढदिवसाचे फलक, यांतून खेळाडू वेगळा काढायचा असेल तर मोठे ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे रुंद उघडणारे भोक हवे. ७०-२०० घ्यावी. १५०-६०० ही सिरपूर तलावावरच्या पक्ष्यांसाठी चांगली आहे आणि भर दुपारी, मैदानाच्या बाजूला फार मागे बसावे लागत असेल तर फुटबॉललाही चालते. पण पहिली आणि एकच लेन्स म्हणून ती मी सुचवणार नाही.

प्रश्न : रात्री टर्फवर पाच-पाच जणांचे सामने असतात. कॅनन आर १० वर शांत शटर वापरून सेकंदाला २३ चित्रे काढतो, पण चित्रांवर आडवे काळपट पट्टे येतात. काही चित्रांत चेंडू अंड्यासारखा दिसतो. कॅमेरा सदोष आहे का? — एक वाचक, विजयनगर

उत्तर : कॅमेरा निर्दोष आहे, दिवे आणि शटर यांचे जमत नाही, एवढेच. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असतो, म्हणून त्यावर थेट चालणाऱ्या दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. काही एलईडी दिवे त्याहूनही वेगाने उघडझाप करतात. डोळ्यांना हे कळत नाही, पण १/१००० सेकंदाचे शटर त्या चढउताराचा फक्त दहावा हिस्सा पाहते. तो हिस्सा कधी चढाचा असतो, कधी उताराचा. इलेक्ट्रॉनिक, म्हणजे आपण ज्याला शांत म्हणता त्या शटरमध्ये सेन्सर एकदम वाचला जात नाही, तर वरपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचला जातो. ओळी वाचता वाचता दिवा मंद झाला की तेथे काळा पट्टा उमटतो. चेंडूचे अंडे होते तेही याच कारणाने, कारण वरची ओळ वाचली तेव्हा चेंडू एका जागी होता आणि खालची वाचेपर्यंत पुढे गेला. सेन्सर फार वेगाने वाचणारे किंवा एकाच क्षणी पूर्ण वाचणारे कॅमेरे आता निघाले आहेत. सोनीच्या ए ९ मार्क ३ मध्ये असा ग्लोबल शटर आहे आणि निकॉनने २०२१ च्या झेड ९ मध्ये यांत्रिक शटर ठेवलेलेच नाही. पण त्यांच्या किमतीत टर्फच भाड्याने घेऊन वर्षभर खेळता येईल.

आपण यांत्रिक शटरकडे वळावे. आर १० त्यावरही सेकंदाला १५ चित्रे काढतो आणि एवढी पुष्कळ झाली. मेनूमध्ये फ्लिकर (दिव्यांची उघडझाप) कमी करण्याची जी सोय आहे ती चालू करावी. ती दिव्याच्या चढाचा क्षण साधून शटर उघडते, त्यामुळे चित्रांचा वेग किंचित घटतो, पण उजेड आणि रंग सारखे येतात. रंगांचे संतुलन स्वयंचलित न ठेवता एकदा ठरवून टाकावे आणि चित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात काढावीत, कारण टर्फचे हिरवे प्लास्टिक खालून चेहऱ्यांवर झाक मारते आणि ती घरी काढावी लागते.

मागे एकदा संध्याकाळच्या अंतिम सामन्यात मी स्वतः शटरचा हा फरक विसरलो होतो. विजयाचा गोल, हवेत उंचावलेले हात, सगळे साधले होते आणि प्रत्येक चेहऱ्यावर पट्टा होता. आयोजकांनी ते चित्र तरीही मागून नेले, ही त्यांची भलाई.

लेन्सविषयी आपण विचारले नाही, तरी सांगतो. टर्फ लहान असल्यामुळे येथे टेली, म्हणजे दूरचे जवळ दाखवणारी लेन्स जवळजवळ निरुपयोगी असते. ५० किंवा ८५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स एफ २.८ च्या तुलनेत सुमारे अडीचपट प्रकाश घेते, स्वस्त असते आणि खिशात मावते. बाहेरून काढत असाल तर लेन्सचे तोंड जाळीला टेकवून, ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवावे. जाळी चित्रात विरून जाते.

प्रश्न : मुंबईच्या भावाने त्याची जुनी निकॉन ८०-२०० एफ २.८ डी लेन्स स्वस्तात देऊ केली आहे. माझ्याकडे डी ५६०० आहे. घ्यावी का? — एक वाचक, रामबाग

उत्तर : घेऊ नये. लेन्स चांगली आहे, पण तिच्यात फोकसची मोटर नाही. ती कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालते आणि डी ५६०० मध्ये ती मोटर नाही. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० या मालिकांतल्या कोणत्याही कॅमेऱ्यावर फोकस हाताने फिरवावा लागेल आणि फुटबॉलमध्ये ते सरावलेल्यालाही जड जाते. उद्या मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेऊन जुनी लेन्स त्याला जोडणारा एफटीझेड ॲडाप्टर लावला, तरी हीच अडचण राहील. जुन्या निकॉन लेन्सांपैकी ज्यांच्या नावात एएफ-एस ही अक्षरे असतात, त्यांत स्वतःची मोटर असते, त्या पाहाव्यात. कॅननच्या ईएफ मालिकेत ही भानगड नाही, तेथे मोटर प्रत्येक ऑटोफोकस लेन्समध्येच असते.

भावाकडून लेन्स घेताना बिल मागता येत नाही, पण टॉर्च मागता येतो. मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या कोणत्याही लेन्समध्ये एका बाजूने टॉर्च टाकून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. काठावर थोडी असेल तर चित्रात दिसत नाही, परंतु ती वाढते आणि विकताना किंमत पाडते.

प्रश्न : कॅनन ७ डी मार्क २ विकून सेकंदाला ३० चित्रे काढणारा मिररलेस घ्यावा का? लेन्स ७०-२०० एफ ४ आहे. — एक वाचक, देवास

उत्तर : खर्च करायचाच असेल तर आधी लेन्सवर करावा. ७ डी मार्क २ हा २०१४ चा कॅमेरा आहे, पण त्यात फोकसचे ६५ बिंदू आहेत, सेकंदाला १० चित्रे निघतात आणि दिव्यांच्या फ्लिकरवरचा उपायही त्यात आहे. खेळासाठीच तो बांधला होता. सेकंदाला २० मीटर जाणारा चेंडू १० चित्रांच्या वेगात दोन चित्रांमधल्या वेळेत २ मीटर पुढे जातो, ३० चित्रांच्या वेगातही ६७ सेंटिमीटर. बूट आणि चेंडू यांच्या भेटीचा क्षण नुसत्या वेगाने मिळत नाही. खेळाडूने मागचा पाय उचलला की बोट दाबावे लागते. ही सवय ज्याला आहे त्याला १० चित्रे पुरतात आणि ज्याला नाही तो ३० च्या वेगाने घरी बसून चित्रे खोडत राहतो.

तरीही मिररलेसची एक बाजू मान्य करायला हवी. चेहरा आणि डोळे ओळखून फोकस धरून ठेवण्याची त्यांची शक्ती खरोखरच मोठी आहे आणि नवख्याच्या हातून येणाऱ्या धारदार चित्रांचे प्रमाण तिने वाढते. मात्र गर्दीत कोणाचा चेहरा धरायचा, हे कॅमेऱ्याला ठाऊक नसते. कॉर्नर किकच्या वेळी तो निर्विकारपणे मागच्या पंचावर स्थिरावलेला मी पाहिला आहे. आपण एफ ४ विकून त्याच मापाची एफ २.८ घ्यावी. प्रकाश दुप्पट होईल. कॅमेरा दोन वर्षांनी बदलावा. ईएफ लेन्स ॲडाप्टर लावून नव्या आर मालिकेवर चांगल्या चालतात, त्यामुळे आजची लेन्स वाया जाणार नाही.

प्रश्न : मी देवी अहिल्या विश्वविद्यालयात शिकतो आणि वृत्तपत्रांसाठी खेळाची छायाचित्रे काढू इच्छितो. दूरचित्रवाणीवर मोठ्या सामन्यांत छायाचित्रकारांजवळ जी पांढरी, तोफेसारखी लेन्स दिसते ती कोणती आणि तिच्यावाचून या व्यवसायात शिरता येईल का? — एक विद्यार्थी

उत्तर : ती बहुधा ४०० मिलिमीटर एफ २.८ असते. तिचे वैशिष्ट्य केवळ लांबी नाही. ३० मीटरवरच्या खेळाडूवर फोकस केला, तर त्याच्या पुढे-मागे मिळून जेमतेम एक मीटरचा पट्टा स्पष्ट राहतो आणि उरलेले स्टेडियम रंगांत विरघळते. वर्तमानपत्रात पाहताक्षणी ओळखू येणारा तो ‘मोठ्या सामन्याचा’ चेहरा यातून येतो. पूर्वी अशा लेन्स पाच किलोंच्या पुढे भरत, आता तीन किलोंच्या आत आल्या आहेत. नवीचे मोल दहा लाखांच्या पुढे आहे आणि ती वापरणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती त्यांच्या संस्थेकडून मिळालेली असते, हे लक्षात ठेवा. ती मंडळी एका कॅमेऱ्यावर ४०० आणि दुसऱ्यावर ७०-२०० ठेवतात, जवळ आलेल्या जल्लोषासाठी एक आखूड झूम बाळगतात आणि काही जण गोलच्या जाळीमागे रिमोटने चालणारा कॅमेराही लावून ठेवतात.

तिच्यावाचून नक्कीच शिरता येईल. तुम्ही ७०-२०० एफ २.८ आणि १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवून लांबी वाढवणारा जोड) येथून आरंभ करा. कन्व्हर्टर लावल्यावर लेन्स ९८-२८० एफ ४ होते, म्हणजे प्रकाश निम्मा होतो. उन्हात हा सौदा परवडतो, संध्याकाळी तो काढून ठेवावा. दुप्पट करणारा कन्व्हर्टर मात्र घेऊ नका, त्यात प्रकाश चौथाई उरतो आणि फोकसही रेंगाळतो. पुढे मिळकत झाली की जुनी ३०० एफ २.८ शोधा, १.४ पटीचा कन्व्हर्टर लावून तीच ४२० एफ ४ चे काम करते. त्याच सुमारास दुसरा, साधासा का होईना, कॅमेरा घ्या. माळव्याच्या काळ्या मातीच्या मैदानावर उन्हाळ्यात लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर धूळ पेरणे होय आणि शिवाय लेन्स बदलेपर्यंत गोल होऊन गेलेला असतो. जड लेन्सखाली मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा आधार घ्यावा. ट्रायपॉडचे पाय मैदानाच्या कडेला कोणी ठेवू देत नाही आणि ते योग्यच आहे.

जागेबद्दल तुम्ही काही विचारले नाही, पण संपादक चित्र पाहतो तेव्हा त्याला तुमची जागाच दिसते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतल्या चित्रांत खेळाडूंच्या पाठी फार आहेत, कारण मी ओळखीच्या माणसांजवळ, मैदानाच्या मध्यावर बसत असे. ज्या गोलवर हल्ला व्हायची शक्यता अधिक आहे, त्याच्या बाजूला गोलरेषेमागे बसा, म्हणजे चेहरे तुमच्याकडे येतात. मैदान उत्तर-दक्षिण असेल तर संध्याकाळी पश्चिमेकडच्या कोपऱ्यात बसा. सूर्य पाठीशी राहतो. बाजूच्या रेषेवर बसणे भाग पडलेच, तर पाहून घ्या : प्रत्येक बाजूला सहायक पंच एकच अर्धा भाग सांभाळत धावतो, दुसरा अर्धा मोकळा असतो. मोकळ्या अर्ध्यात बसा. उभे राहू नका. छोट्या स्टुलावर किंवा गुडघ्यावर बसून काढलेल्या चित्रात उडी मारलेला खेळाडू प्रेक्षकांच्या डोक्यांवर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर येतो आणि साध्या कॅमेऱ्याचे चित्रही भारदस्त वाटते.

सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही संघांच्या याद्यांचे छायाचित्र काढून ठेवा. कितीही उत्तम चित्र असले, तरी नऊ नंबरच्या मुलाचे नाव चुकले की ते बाद होते. मध्यंतरात तीन-चार जेपेग चित्रे नावांसह पाठवून द्या. पान लावणारा माणूस सामना संपण्याची वाट पाहत नाही.

प्रश्न : पावसात सामना असेल तर कॅमेरा काढावा का? — एक वाचक, स्नेहनगर

उत्तर : अवश्य काढावा, चिखलातल्या फुटबॉलसारखे चित्र दुसरे नाही. लेन्सवर हुड (पुढे बसणारे संरक्षक कडे) लावावा, जाड प्लास्टिकची पिशवी कापून हुडला रबराने बांधावी आणि पुढच्या काचेसाठी दोन कोरडे रुमाल वेगवेगळ्या खिशांत ठेवावेत. पाऊस झेलण्यासाठी बांधलेला कॅमेरा म्हणून जो विकला जातो, तोही त्याला तशीच लेन्स लावलेली असेल तरच टिकतो. किट, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या लेन्सच्या सांध्यातून पाणी आत जाते. ढगाळ हवेत उजेड कमी असतो, तेव्हा १/८०० सेकंदावर उतरायला हरकत नाही, कारण चिखलात खेळाडूंचाही वेग उतरलेला असतो. वातानुकूलित गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढू नये, काचेवर आतून-बाहेरून बाष्प धरते; पिशवी बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटे तिला बाहेरच्या हवेशी जुळू द्यावे. घरी आल्यावर बॅटरी आणि कार्ड काढून कॅमेरा पंख्याखाली उघडा ठेवावा आणि ओला रुमाल चुकूनही त्याच पिशवीत टाकू नये. मोनोपॉडच्या टोकाची काळी माती तेव्हाच धुवावी. वाळली की ती सिमेंटसारखी धरते आणि पुढच्या सामन्याला पाय उघडत नाही.